मुलाच्या ड्रेडलॉक्सची नव्हे, त्या टोप्यांची काळजी कर

टोरोंटोहून एका आईचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा देते.

"ताई, आमचा धाकटा बावीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने केसांचे ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारख्या बटा, करून घेतले. येत्या सुट्टीत आम्ही सगळे जमैकाला, मोंटेगो बेला चाललोय. त्याच्या वर्गातल्या एका जमैकन मुलीने त्याला विचारलं, 'तू रास्ता (रास्ताफारी पंथातला) नाहीस, मग हे डोक्यावर घेऊन तिकडे कसा फिरणार?' तेव्हापासून तो गप्प झालाय आणि माझी झोप उडालीय. तिथे कुणाला राग येईल का? कापून टाक म्हणून सांगू का? तो म्हणतो, शंकरालाही जटा आहेत, हे आपल्या साधूंकडूनच तिकडे गेलंय. सासूबाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. परत आल्यावर नोकरीच्या मुलाखती आहेत. विमानतळावर अडवतील का, समुद्रात भिजल्यावर त्या केसांचं काय करायचं, हेही डोक्यात आहेच. ह्यांना मात्र कशाचंच काही नाही. ह्यांनी घरातल्या सगळ्यांसाठी खोट्या जटा चिकटवलेल्या लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या मागवल्यात, विमानातून उतरल्या उतरल्या फोटो काढायला."

अगं, सगळं पत्र मुलाच्या केसांवर लिहिलंस आणि टोप्यांचं एका ओळीत उरकलंस! तुझ्या मुलाच्या डोक्यावर आहेत ते त्याचे स्वतःचे केस. ते वाढवायला, गुंफायला त्याने वर्ष घातलंय, आणि एका मुलीने प्रश्न विचारल्यावर तो विचारात पडलाय. मुलगा चांगल्या वाटेवर आहे, त्याची काळजी सोड. त्या टोप्या मात्र बॅगेत भरू नकोस.

का, ते नीट सांगते. तुझ्या ह्यांनाही वाचून दाखव.

2 नोव्हेंबर 1930 रोजी अदिस अबाबात रास तफारी माकोनन यांचा हेले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. तिकडे समुद्रापार जमैकात अजून इंग्रजांचं राज्य होतं. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण मळ्यांवरची गरिबी होती तशीच होती. तिथल्या काही काळ्या माणसांना या राज्याभिषेकात देवाची खूण दिसली. आफ्रिकेतला काळा राजा हाच आपला तारणहार, असं ते मानू लागले आणि त्यातून रास्ताफारी पंथ उभा राहिला. लेनर्ड हॉवेल यांनी हा उपदेश उघडपणे सुरू केला, तर 1934 मध्ये राजद्रोहाखाली त्यांना तुरुंगात टाकलं. 1940 मध्ये त्यांनी अनुयायांसाठी 'पिनॅकल' नावाची वस्ती वसवली, तिच्यावर पोलिसांच्या धाडी पडत राहिल्या आणि 1954 मध्ये ती उद्ध्वस्तच केली गेली. केस वाढवण्यामागे त्यांच्यासाठी बायबलचा आधार आहे. 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की देवाला वाहून घेतलेल्याने व्रत चालू असेपर्यंत डोक्याला वस्तरा लावू नये. म्हणजे हे केस म्हणजे व्रत आहे, देवापुढे दिलेला शब्द आहे.

आता खरी गोष्ट ऐक. 6 ऑगस्ट 1962 ला जमैका स्वतंत्र झाला. वर्षही उलटलं नव्हतं. एप्रिल 1963 मध्ये, ईस्टरच्या आठवड्यात, कोरल गार्डन्स नावाच्या भागात जमिनीच्या वादातून काही रास्तांनी एका पेट्रोल पंपावर हल्ला केला. त्यात आणि नंतरच्या झटापटीत माणसं मेली, पोलीसही मेले. मग त्या मोजक्या हल्लेखोरांपुरतं न थांबता पोलीस आणि लष्कराने पश्चिम जमैकात दिसेल त्या रास्ताला धरायला सुरुवात केली. घटनेशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांना घरातून, शेतातून ओढून नेलं, बडवलं, कोठडीत डांबलं आणि त्यांचे केस कापले. देवाला वाहिलेले केस, सरकारी कात्रीने! सरकारने याबद्दल माफी मागितली ती 2017 मध्ये, पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत. चोपन्न वर्षांनी.

हे कोरल गार्डन्स कुठे आहे ठाऊक आहे? मोंटेगो बेच्या पूर्वेला, किनाऱ्याच्या रस्त्यावर. तुम्ही ज्या विमानतळावर उतरून टोप्या चढवणार आहात, तिथून गाडीने अगदी जवळ. तेव्हा विशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यातलं कुणी रस्त्याकडेला बसलेलं असेल आणि समोरून तुमचं कुटुंब खोट्या जटा हलवत, हसत, फोटो काढत जाईल. त्या माणसाला काय वाटेल, हे मी तुला सांगायला नको.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. माझी लेक शाळेत असताना स्नेहसंमेलनात आपल्यातल्या नसलेल्या एका मुलाचे वडील फेटा आणि खोटी मिशी लावून स्टेजवर आले होते. मान डोलावत, आपल्या इंग्रजीची नक्कल करत त्यांनी पाच मिनिटं सगळ्यांना हसवलं. माणूस दुष्ट नव्हता. नंतर आमच्याशी गप्पा मारायलाही आला. पण माझे यजमान, जे नेहमी सगळ्यांच्या आधी हसतात, त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. आपल्यापैकी प्रत्येक घरात असा एखादा दिवस येऊन गेलेला असतो. तो आठवला की टोपीचं वेगळं समजवावं लागत नाही.

मुलाच्या 'शंकराच्या जटा'बद्दल बोलायलाच हवं, कारण आपली पुष्कळ मुलं आजकाल हेच म्हणतात. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. 10 मे 1845 ला ओल्ड हार्बर बे इथे हिंदुस्थानातले मजूर पहिल्यांदा उतरले, करारावर ऊसमळ्यात राबायला. बहुतेक उत्तरेकडचे. त्यांच्याबरोबर त्यांचे देव गेले, गांजाही गेला, आणि साधूंच्या जटांचा रास्तांवर परिणाम झाला असावा, असं काही अभ्यासक मांडतात. दुसरे काही केनियात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या, जटा वाढवलेल्या माऊ माऊ बंडखोरांच्या फोटोंकडे बोट दाखवतात. बरेच रास्ता स्वतः बायबलचंच नाव घेतात. उगम कुठलाही धर, पण 1963 मध्ये ज्यांच्या डोक्यावर कात्री चालली ते आपण नव्हतो. तुझ्या मुलाने हवं तर मनात शंकराला स्मरावं, त्याच्या केसांना त्याच्या घरातला अर्थ असू दे. फक्त तिथल्या माणसासमोर उभं राहून 'हे मूळचं आमचंच' असं म्हणू नये. पाहुण्याने यजमानाच्या घरात बसून घरावर हक्क सांगू नये.

मग त्याने तिथे वागायचं कसं? माझ्या भाच्याचंच सांगते, कारण तोही असाच ड्रेडलॉक्स घेऊन जमैकाला गेला होता. किंग्स्टनला होप रोडवर रास्ता गायक बॉब मार्लीचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. ते बघून तो बाहेर पडला तेव्हा लाकडी वस्तू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याच्या डोक्याकडे बघून विचारलं, "तू पंथातला का?" भाच्याने सरळ सांगितलं, "नाही. मी हिंदू घरातला आहे. केस मला आवडतात म्हणून ठेवले. पण तुमच्या लोकांनी त्यासाठी काय सोसलं ते वाचून आलोय." म्हातारा काही क्षण बघत राहिला. मग त्याला बाकावर बसवून घेतलं, स्वतःच्या डोक्याचं कापड सोडलं. केस गुडघ्यापर्यंत, वर पांढरे, खाली टोकाला तांबूस आणि सुतळीइतके बारीक झालेले. ती टोकं हातात धरून तो म्हणाला, हे माझ्या तरुणपणातले. शाळेने या केसांपायी त्याच्या मुलाला दारातून परत पाठवलं होतं, ते सांगताना त्याचा आवाज बदलला, असं भाचा सांगतो. जमैकात आजही शाळा आणि केस हा विषय थंडावलेला नाही. 2018 मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला ड्रेडलॉक्समुळे शाळेने अडवलं, तर प्रकरण थेट कोर्टात गेलं.

भाच्याचं ते एक 'नाही' फार मोलाचं होतं बघ. रास्ता आहेस का विचारलं तर नाही म्हणायचं, मान डोलावून वेळ मारून न्यायची नाही. त्यांचे अभिवादनाचे शब्द, देवाचं नाव, त्यांचं बोलणं उगाच तोंडात घ्यायचं नाही. लाल-सोनेरी-हिरवा रंग आणि सिंहाचं चिन्ह हे इथिओपियाशी, त्यांच्या श्रद्धेशी जोडलेलं आहे. ड्रेडलॉक्सवर तेही चढवलं की माणूस वेश घेऊन आल्यासारखा दिसतो, म्हणून साधा शर्ट घालू दे त्याला. त्याच्याकडे कुणी टक लावून बघेल ही भीती मात्र बाळगू नकोस. जमैकात पंथाबाहेरचेही पुष्कळ लोक असे केस ठेवतात, आणि सगळे रास्ता ठेवतातच असं नाही. 1968 मध्ये सुरू झालेल्या 'ट्वेल्व्ह ट्राइब्स' या शाखेत तर तशी सक्तीच नाही.

मोंटेगो बेजवळ रास्तांनी स्वतः चालवलेलं एक छोटं गाव आहे, तिथे बाहेरच्यांचं स्वागत होतं. पैसे देऊन जा, त्यांच्या हातचं बिनमिठाचं शाकाहारी जेवण जेवा, ते ढोल वाजवतील ते ऐका. सासूबाईंनासुद्धा ते जेवण चालेल. मात्र त्यांची उपासना चालू असेल तिथे आगंतुकासारखं शिरायचं नाही, आधी विचारायचं. बायकांनी डोकं झाकावं अशी बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते, तेव्हा एक ओढणी जवळ ठेव. फोटो विचारल्याशिवाय नको. आणि कुणाच्या केसांना हात लावू नका, कितीही कुतूहल वाटलं तरी. माझ्या लेकीची वेणी कमरेपर्यंत होती. शाळेत येणारा-जाणारा ती हातात घेऊन बघायचा, आणि ती रोज रडत घरी यायची. शेवटी तिने वेणी कापली. म्हणून हे जरा जोरात सांगते.

गांजाचं स्पष्ट बोलून घे मुलाशी, संकोच करू नकोस. त्या केसांमुळे त्याला लोक आपणहून विचारतील, हवाय का म्हणून. कॅनडात 2018 पासून तो कायदेशीर आहे म्हणून तिकडेही सगळं मोकळं असेल, असं त्याने समजू नये. जमैकात 2015 च्या कायद्यानंतर दोन औंसांपर्यंत जवळ बाळगल्यास गुन्हा नोंदवत नाहीत, दंडाची पावती देतात. रास्तांना उपासनेसाठी वेगळी सूट आहे, आणि ती तुझ्या मुलाला लागू नाही. सीमेपार नेणं-आणणं दोन्ही देशांत गुन्हा आहे. 'नको, धन्यवाद' एवढं पुरतं.

त्याच्या वर्गातल्या त्या मुलीला घरी जेवायला बोलव. तिच्या प्रश्नाला त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि ते त्याने तिलाच द्यायला हवं. तिची आजी-आजोबा मंडळी कुठल्या गावची, तिथे काय बघावं, हेही विचारा.

बाकीचं झटपट. कापायला सांगू नकोस. सासूबाई बघतील, नातवाकडे पाठ फिरवून कुणी फार दिवस राहत नाही. मुलाखतीला केस मागे नीट बांधून स्वच्छ कपड्यांत जाऊ दे. अमेरिकेतल्या वाचकांसाठी सांगते, केसांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा, कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केला तसा कायदा तिथल्या बऱ्याच राज्यांत आता आहे, पण तो वंशाशी निगडित केसांसाठी आहे, आपल्या मुलांनी त्याच्या भरवशावर राहू नये. विमानतळावर जाड केस हाताने चाचपून बघतात, पाच मिनिटं जास्त धरून निघा. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, पिळून उन्हात पूर्ण वाळवायचे. ओल्या केसांनी झोपला तर आतून कुबट वास धरतो, आणि तो सहजी जात नाही.