केमोला दाद न देणारी गाठ

ठाण्याच्या एका वाचकाने विचारलंय: लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) रिपोर्टबद्दल बोलताना डॉक्टर 'रेझिस्टन्स मार्कर' म्हणतात, म्हणजे गाठ औषधाला जुमानणार नाही याची खूण, त्याला मराठीत 'प्रतिकारशक्तीचे चिन्हक' म्हणावं का?

मुळीच नाही. प्रतिकारशक्ती रुग्णाची असते. औषधाला पुरून उरते ती गाठीतली पेशी. 'पेशंटच्या प्रतिकारशक्तीने केमो हाणून पाडली' हे वाक्य हल्ली सर्रास कानावर येतं. अहो, केमोने त्याच्या पांढऱ्या पेशी आधीच खाली आणल्यात! कागदावर 'प्रतिरोध' लिहा. बोलताना मात्र घरचा शब्द आहे: गाठ केमोला दाद देत नाही.

गाण्याला देतात ती दाद सर्वांना ठाऊक आहे, ती सोडा. मुळात दाद म्हणजे न्याय, दाद-फिर्यादीतला. शब्द फारसी. तो 'देणे'च्या दा धातूवरून काढणारे पंडित नुसत्या कानावर विसंबतात. जुन्या फारसीत 'दात' म्हणजे कायदा, आणि त्यातला धातू 'ठेवणे, नेमून देणे' या अर्थाचा, म्हणजे आपला 'धा'. विधी, विधान यांतला! तेव्हा दाद ही विधानाची इराणी चुलतबहीण.

आणि न्यायाचा हा अर्थ इथे चपखल बसतो, कारण दाद न देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत फिर्याद दारातूनच परत जाते: पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन डॉक्सोरुबिसिन आणि विन्क्रिस्टिन ही केमोची औषधं पेशीतून उपसून बाहेर टाकतं. यातला 'पी' प्रोटीनचा नव्हे, पर्मिएबिलिटीचा. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग यांना वाटलं, हे प्रथिन पेशीच्या आवरणाची पार्यता (पर्मिएबिलिटी), म्हणजे आरपार जाऊ देण्याचा गुण, बदलतं. पुढे तो पंप निघाला, नाव तसंच राहिलं. केमोसोबत देतात त्या रिटक्सिमॅब या अँटिबॉडीला हा पंप लागू नाही. ते बाहेरूनच पेशीच्या आवरणावरच्या सीडी-२० या प्रथिनाला चिकटतं.

दुसरीत फिर्याद आत पोचते, निकालही लागतो, पण अंमलबजावणी होत नाही. हे बीसीएल-२ या प्रथिनाचं काम: औषधाने इजा होते, पण पेशी मरत नाही. म्हणून डिफ्यूज लार्ज बी-सेल या प्रकारच्या लिम्फोमात 'डबल एक्स्प्रेसर' हा शेरा मिळतो: मिक हे पेशी वाढवणारं प्रथिन निदान ४० टक्के पेशींत आणि बीसीएल-२ निम्म्याहून अधिक पेशींत. 'डबल हिट' वेगळं. ते जनुकांच्या तुटी-जोडीचं, फिश या जनुक-तपासणीत कळणारं. दोन्ही एकच समजणाऱ्यांना परिभाषेची नव्हे, चष्म्याची गरज आहे. शिवाय डबल एक्स्प्रेसर म्हणजे केमो फुकट गेली असं नाही. धोका जास्त, एवढंच.

बीसीएल-२ आहे का, हे अँटिबॉडीने पेशी रंगवून पाहतात. ते निगेटिव्ह आलं तरी दोन गोष्टी विचारा. आसपासच्या टी-पेशी रंगल्या होत्या का? त्यांच्यात बीसीएल-२ असतंच, तेव्हा त्याही कोऱ्या असतील तर रंगकामच फसलंय. आणि अँटिबॉडीचा क्लोन, म्हणजे वाण, कुठला? फॉलिक्युलर लिम्फोमात जनुकातल्या बदलांमुळे १२४ क्लोन कधीकधी प्रथिन असूनही चिकटत नाही. ई-१७ तिथे बहुधा रंग दाखवतो. खारघरला ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात दुसरं मत घ्यायचं तर नुसत्या स्लाइड नकोत, पॅराफिन ब्लॉकही, म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडाही, न्या. ब्लॉकशिवाय नव्या क्लोनने पुन्हा रंगवणार कशावर?

मार्करला 'दर्शक' म्हणा. 'चिन्हक' कुणी बोलत नाही.