मिंगकाळातील कथा पाठवण्यापूर्वी तिचे साल ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मिंगकाळातील नानजिंगमधील एका कारकुनावर तुम्ही सहा हजार शब्दांची इंग्रजी कथा लिहिली आहे, केवळ चिनी ऐतिहासिक कथा छापणाऱ्या एका इंग्रजी नियतकालिकाकडे ती पाठवायची आहे, तुम्ही चीनला कधी गेलेला नाहीत, आणि कथा कशी तयार करावी व आपले मराठी असणे आड येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

अशा नियतकालिकांकडे मी आजवर चार कथा पाठवल्या. दोन साभार परत आल्या, एक बऱ्याच दुरुस्त्यांनंतर छापून आली आणि चौथीचा निर्णय अजून यायचा आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हस्तलिखिताची मांडणी आणि सोबतचे पत्र यांची काळजी नंतर करावी. आधी कथा नेमक्या कोणत्या साली घडते ते ठरवावे, कारण संपादकांची पहिली शंका तिथेच उभी राहते.

‘मिंगकाळ’ म्हणजे साल नव्हे. ही राजवट १३६८ पासून १६४४ पर्यंत, म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून अधिक टिकली. ‘पेशवाईतले पुणे’ एवढेच म्हणून पहिल्या बाजीरावाच्या काळातील गाव आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील शहर एकच धरणारी कथा आपण मराठीत वाचून पूर्ण करणार नाही. चीनचा इतिहास जाणणाऱ्या संपादकाचेही तसेच होते. तुमचा कारकून १४०० साली नोकरीत असेल तर तो साम्राज्याच्या राजधानीत बसलेला आहे, बाहेर सम्राट आणि त्याचा काका यांच्यात गादीसाठी युद्ध चालू आहे (काका-पुतण्यांचे वैर मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही), आणि सरकार कागदी नोटा चालवण्याचा अट्टहास करीत चांदीच्या व्यवहारावर बंदी घालते आहे. तोच कारकून १६०० साली असेल तर राजधानी बेजिंगला जाऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे झालेली आहेत, नानजिंगमध्ये सहाही मंत्रालये नावाला शिल्लक असली तरी खरी सत्ता उत्तरेकडे आहे, आणि कर बहुतांशी तोलून घेतलेल्या चांदीत भरला जातो. पहिल्याला भीती आहे ती कोणत्या बाजूने उभे राहावे याची, तर दुसऱ्याला खुपते आहे ते आडबाजूच्या नेमणुकीत आयुष्य सरण्याचे. साल न ठरवता लिहिलेली कथा या दोघांच्या मधे कुठेतरी लोंबकळत राहते.

माझी पहिली कथा परत आली ती याच कारणाने, आणि चूक सर्वस्वी माझीच होती. ती ११४० च्या सुमारास दक्षिण सोंग राजवटीच्या राजधानीत, म्हणजे आजच्या हांगजौमध्ये घडत होती, आणि तिच्या दुसऱ्याच परिच्छेदात मी अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. संपादकांनी एका ओळीत विचारले की या मिरच्या कोणत्या जहाजाने आल्या. मिरची, मका, रताळे, भुईमूग ही सर्व अमेरिका खंडातील पिके. चीनमध्ये मिरचीचा पहिला उल्लेख आढळतो तो १५९१ मधील गाओ लिएन यांच्या ग्रंथात, आणि तोही शोभेचे झाड म्हणून. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांच्या मागोमागच आली, त्यामुळे यादवांच्या देवगिरीतील स्वयंपाकघरात मिरचीचा ठेचा दाखवणारा लेखक माझ्याच पंगतीत बसेल. त्याच कथेत पात्रे किटलीत पाने घालून चहा पीत होती; सोंगकाळात दाबून केलेल्या वडीची पूड करून ती गरम पाण्यात बांबूच्या कुंच्याने घुसळत असत, आणि सुट्या पानांचा चहा सर्रास रूढ झाला तो मिंगकाळात. पहिल्या मिंग सम्राटाने १३९१ मध्ये दरबारी नजराण्यातील चहाच्या वड्या बंद करविल्या. तुमच्या कारकुनाला चहा पाजायला हरकत नाही. फक्त त्याच्या डोक्यावर वेणी ठेवू नका, कारण पुढचे डोके भादरून मागे वेणी सोडण्याची सक्ती मिंगनंतरच्या छिंग राजवटीच्या राज्यकर्त्यांनी १६४५ मध्ये केली.

तारखांच्या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे. ‘तिसरा महिना’ म्हणजे मार्च नव्हे, चांद्र महिने ऋतूंशी जुळवण्यासाठी मधूनमधून अधिक महिना घालावा लागतो, हे इंग्रजी वाचकाला समजावून सांगावे लागते. आपल्याला ते लहानपणापासून ठाऊक असते. वर्षे मात्र सम्राटाच्या कालनामाने, म्हणजे त्याच्या कारकिर्दीला दिलेल्या नावाने, मोजली जातात, उदाहरणार्थ वानली कालनामाचे पंधरावे वर्ष म्हणजे १५८७. वयाचा हिशेबही वेगळा आहे: मूल जन्मतः एक वर्षाचे धरतात आणि नववर्षाला प्रत्येकाचे वय एकाने वाढते. तैवानच्या अकादेमिया सिनिका या संस्थेची चिनी आणि पाश्चात्त्य तारखांचे रूपांतर करणारी सोय आंतरजालावर मोफत आहे. कथेतील प्रत्येक तारीख तिच्यातून एकदा काढून घ्या.

नावांत सर्वाधिक घसरण होते. सम्राटाचे ‘थाइत्सू’, ‘थाइत्सोंग’ यांसारखे मंदिरनाम त्याच्या मृत्यूनंतर ठरते, त्यामुळे तो जिवंत असताना कोणत्याही पात्राच्या तोंडी ते येऊ शकत नाही. सम्राटाचे वैयक्तिक नाव तर उच्चारणे व लिहिणेही निषिद्ध असे. पुढे छिंगकाळात खांगशी सम्राटाच्या नावातील एक अक्षर टाळण्यासाठी बेजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचेच नाव बदलावे लागले. सुशिक्षित पुरुषाला वयात आल्यावर एक व्यवहारनाम मिळत असे आणि मित्र त्याला त्याच नावाने हाक मारीत, म्हणून तुमच्या कारकुनाच्या बरोबरीच्या सहकाऱ्याने त्याला जन्मनावाने पुकारले तर वाचक ते अपमान म्हणूनच वाचेल. अधिकारपदांसाठी चार्ल्स हकर यांचा १९८५ चा पदनामकोश ग्रंथालयातून मिळवा आणि त्यातील इंग्रजी पर्याय शेवटपर्यंत एकसारखे वापरा. लिप्यंतर पिनयिन पद्धतीने, म्हणजे चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीने, करा आणि मधेच जुनी ‘पेकिंग’ धाटणी आणू नका. पुरुषांची नावे चिनी उच्चारात ठेवून स्त्रियांची मात्र भाषांतर करून ‘कमळ’, ‘पाचू’ अशी लिहिण्याची जुन्या इंग्रजी भाषांतरांची खोड आजच्या संपादकांना रुचत नाही, आणि मलाही ती योग्य वाटत नाही.

याचा अर्थ कथा म्हणजे पाठ्यपुस्तक असा नाही. छिंगकाळातील विद्वान चांग श्युएछंग याने तीन राज्यांच्या प्रसिद्ध कादंबरीविषयी ‘सात भाग सत्य, तीन भाग कल्पना’ असे म्हटले होते, आणि त्याचा सूर तक्रारीचा होता. तरी वाचकांनी तीच कादंबरी डोक्यावर घेतली. जाणूनबुजून सूट घ्यायची असेल तर तसे कथेखालच्या छोट्या टिपेत सांगावे. डच मुत्सद्दी रॉबर्ट व्हान गुलिक यांनी मिंगच्या कित्येक शतके आधीच्या थांगकाळातील न्यायाधीशाच्या रहस्यकथांत मिंगकाळातील चालीरीती घातल्या, पण जुन्या चिनी कथाकारांची तीच प्रथा होती हे त्यांनी लेखकाच्या टिपेत नोंदवले. संपादक सूट माफ करतात. अजाणता झालेली चूक मात्र माफ केली जात नाही.

आता पाठवण्याविषयी. प्रत्येक नियतकालिकाचे नियम वेगळे असतात आणि शब्दमर्यादा ओलांडणारी कथा बहुधा वाचलीच जात नाही. वाचन निनावी होत असेल तर फाइलीच्या आतही, पृष्ठशीर्षातही, नाव राहू देऊ नका. सोबतचे पत्र पाचसहा ओळींचे असावे: कथेचे नाव, शब्दसंख्या, साल, ठिकाण, ती अन्यत्र प्रसिद्ध झालेली नाही हे विधान, आणि त्याच वेळी दुसरीकडे पाठवली असेल तर तसा उल्लेख. स्वतःच्या ब्लॉगवर टाकलेली कथा अनेक ठिकाणी ‘पूर्वप्रकाशित’ धरली जाते. दुसरीकडे स्वीकृती मिळाली तर त्याच दिवशी कथा मागे घेतल्याचे कळवावे. मानधन मिळालेच तर ते प्रतीकात्मक असते. करार आला तर मात्र प्रथम प्रकाशनापलीकडचे कोणते हक्क मागितले आहेत ते नीट वाचावे. पुढेमागे कथेचे चिनी भाषांतर करून चीनमधील मासिकाकडे पाठवणार असाल, तर तिथे एक कथा एकाच वेळी अनेकांकडे पाठवणे फार वाईट समजतात. तेथील स्वामित्व कायद्यानुसार मासिकाकडून तीस दिवसांत निर्णय न कळल्यास लेखकाला ती अन्यत्र पाठवता येते, मात्र वेगळे ठरले असेल तर तेच लागू होते, आणि अनेक मासिके तीन महिन्यांची मुदत जाहीर करतात.

राहिले मराठी असणे. पत्रात त्याबद्दल दिलगिरी नको आणि आत्मचरित्रही नको. विषयाशी खरा संबंध असेल तर एक ओळ पुरे. माझी छापून आलेली कथा १८३० च्या दशकातील कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगजौमध्ये, घडते, जिथे मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि माळव्याची अफू घेऊन जात आणि व्यापाराचा हंगाम संपला की परदेशी मंडळींना मकाऊला परतावे लागे. त्यातील मुंबईच्या कापसाच्या गाठींबद्दल संपादकांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझा व्यापारी कोणत्या महिन्यात मकाऊच्या होडीत बसतो, यावर मात्र आमची तीन पत्रे झाली.