एका लडीत लेसच्या किनारीची शाल: दरवेळी किनारीतच लोकर का संपते?

100 ग्रॅमच्या लडीत (बारीक लोकर, साधारण 400 मीटर) शाल होते, पण खांद्यावर टाकायची त्रिकोणी. अंगभर गुंडाळायची नाही. किनार अर्धी असताना लोकर संपते ती त्रिकोणामुळे. मानेपासून खाली विणताना दर दोन ओळींना 4 टाके वाढतात. त्यामुळे अर्ध्या ओळी झाल्या तरी मधल्या भागाची जेमतेम पाव लोकर लागलेली असते, आणि शेवटच्या तीस टक्के ओळी निम्मी लोकर खातात. गोळा अजून बरा दिसतो म्हणून आपण "आणखी चार ओळी" करत राहतो.

तेव्हा आधी किनारीची लोकर मोजा, उरेल ती मधल्या भागाला. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हवाच. लडीचा गोळा करून तोही तोलून घ्या. लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका.

नमुन्यासाठी 4 मिमी सुईवर 40 टाके घाला, दोन ओळी सुलट विणा आणि त्यावर किनार चढवा. सुलट बाजू समोर ठेवून डाव्या सुईवर 6 नवे टाके घाला. मग:

ओळ 1, 3, 5: 2 सुलट, धागा पुढे घेऊन एक जाळी, पुढचे सुलट, किनारीचा शेवटचा टाका आणि शालीचा एक टाका मिळून एक.
ओळ 2, 4, 6, 8: पहिला टाका न विणता उचला, बाकी सुलट.
ओळ 7: सुरुवातीचे 3 टाके बंद, पुढचे सुलट, शेवटी तशीच जोडणी.

टाके 6 चे 9 होऊन परत 6 होतात. आठ ओळींत एक दात (किनारीचं एक टोक), आणि एका दाताला शालीचे 4 टाके. असे 10 दात करा, किनारीच्या आधीचं आणि नंतरचं गोळ्याचं वजन वजा करा, दहाने भागा. समजा दाताला 0.3 ग्रॅम आले. मग नमुना उसवून टाका, ती लोकर वाया घालवायची नाही.

आता शाल. 3 टाके, 6 ओळी सुलट. पट्टी न उलटता बाजूने 3 आणि सुरुवातीच्या कडेवरून 3 टाके उचला, एकूण 9. एक ओळ सुलट परत या. नंतर दर सुलट बाजूच्या ओळीत दोन्हीकडच्या 3 टाक्यांच्या आत एकेक जाळी आणि मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. परतीची ओळ पूर्ण सुलट.

200 टाके झाले की दर दोन ओळींना गोळा तोला. टाके भागिले 4 म्हणजे दात. दात गुणिले 0.3, अधिक 5 ग्रॅम राखीव. गोळा त्या वजनाला आला की थांबायचं. उदाहरणार्थ 269 टाक्यांवर थांबलात, तर परतीच्या ओळीत मध्याजवळ एक टाका कमी करून 268 करा. म्हणजे 67 दात, शिवाय टोकाला एक जास्तीचा: 68 दातांना 20.4 ग्रॅम, राखीव धरून सुमारे साडेपंचवीस. किनार सुरू करण्याआधी सगळ्या टाक्यांतून सुती दोरा ओवून ठेवा. हिशोब चुकलाच तर दोऱ्यापर्यंत उसवता येतं.

जास्तीचा दात का? टोकाच्या मधल्या 4 टाक्यांवर एकाऐवजी दोन दात बसवायचे, जोडणी फक्त ओळ 1 आणि 5 मध्ये करून; ओळ 3 आणि 7 मध्ये शेवटचा टाका नुसता सुलट. नाहीतर किनार तिथे आखडते आणि टोक वाटीसारखं वळतं. ओळ 7 चे तीन टाके सैल बंद करा, तेही आवळले तर दात ताणताना वाकडे होतात.

खरी लेस दिसते ती धुतल्यावर. 20 मिनिटं कोमट पाण्यात, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि प्रत्येक दाताला टाचणी लावून पूर्ण वाळू द्यायचं. हे लोकरीसाठी. अ‍ॅक्रिलिक पाण्याने ताणलेलं राहत नाही. त्याला वाफ द्यावी लागते, इस्त्री न टेकवता.