सिंगापूरच्या चिनी घरांत महायुद्धाबद्दल बोलतात का?

बोलतात, पण मुद्दाम विचारायला गेलात तर हाती काही लागत नाही. सिंगापुरात आमच्याच मजल्यावर एक चिनी आजी राहायच्या. त्यांच्या नव्या वर्षाला न चुकता दोन संत्री आणून द्यायच्या, म्हणून एका आषाढीला मी साबुदाण्याची खिचडी नेली. कशाची आहे, त्यांनी विचारलं. टॅपिओकाची, म्हटलं. त्यांनी वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. "जपान्यांच्या राज्यात साडेतीन वर्षं हेच खाल्लं, मुली. आता नको."

मग तासभर बोलत राहिल्या. १५ फेब्रुवारी १९४२ ला इंग्रज जपान्यांना शरण गेले आणि काही दिवसांतच जपान्यांनी चिनी पुरुषांना तपासणीला बोलावलं. १९३७ पासून इथले चिनी लोक जपानशी लढणाऱ्या चीनला वर्गणी पाठवत होते, त्याचा राग होताच. जे सुटले त्यांच्या हातावर नाहीतर कपड्यावर शिक्का मारला. आजींचे वडील जालान बसारच्या तपासणीहून परतले ते शर्टावर शिक्का घेऊन. आईने तो शर्ट कित्येक महिने धुतला नाही. शिक्का पुसला गेला तर पुन्हा धरून नेतील, ही भीती. काकांना ट्रकमध्ये चढवलं. ते आलेच नाहीत. "माझी आजी रोज त्यांचं ताट वाढायची," एवढंच म्हणाल्या.

अशी किती माणसं गेली याचा मेळ आजही लागत नाही. जपानी बाजू पाच हजार म्हणते, चिनी समाज पन्नास हजारांपर्यंत आकडा नेतो. १९६२ मध्ये सिंगापूरच्या सिगलाप भागात सामूहिक कबरी सापडल्या, तेव्हा कुठे स्मारकाची मागणी जोर धरू लागली. ते १९६७ साली बीच रोडला उभं राहिलं. चार उंच खांब आहेत, लोक त्याला सरळ 'चॉपस्टिक्स' म्हणतात.

मला खरं खटकलं ते वेगळंच. त्याच शहरात, त्याच जपान्यांच्या राज्यात, जुलै १९४३ मध्ये पाडांग मैदानावर नेताजींनी 'चलो दिल्ली' म्हटलं. आपण शाळेत शिकलो ते एवढंच. आजींना मी हे सांगितलं नाही, धीरच झाला नाही.

पुढे त्यांच्याकडे शेवयांची खीर नेत असे. ती मात्र वाटी निपटून खायच्या.

तुम्हाला थेट त्या पिढीच्या तोंडून ऐकायचं असेल, तर सिंगापूरच्या नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर मुलाखती आहेत, बऱ्याचशा इंग्रजीतही.