देवाचं पाचारण आहे की माझ्याच मनाची ओढ, हे कसं ओळखायचं?

पगाराची नोकरी सोडून पूर्णवेळ ख्रिस्ती सेवेत यावं असं तुम्हाला फार दिवसांपासून वाटतंय, रोज प्रार्थना करता, पण देवाकडून स्पष्ट खूण मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर खुणेसाठी अडून बसू नका.

बायबलमधल्या गिदोनाची लोकर आपल्याला लगेच आठवते: देवाकडे खूण मागताना त्याने रात्री जमिनीवर लोकर ठेवली, आणि फक्त ती दवाने भिजावी, जमीन कोरडी राहावी असं मागितलं. पण शास्ते या पुस्तकाचा 6वा अध्याय नीट वाचा. लोकर ठेवण्याच्या आधीच देवाने त्याला 'जा' म्हणून सांगितलं होतं. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, फक्त धीर होत नव्हता.

मला स्वतःला बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 16व्या अध्यायाने जास्त आधार दिला. प्रेषित पौल आणि त्याचे सोबती सुवार्ता सांगायला वाटेला लागलेले आहेत. आशिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्मा मना करतो. बिथुनियाकडे वळू बघतात, तिथेही परवानगी नाही. शेवटी त्रोवसला पोचल्यावर रात्री पौलाला 'इकडे येऊन आम्हाला मदत कर' म्हणणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत होतो. दृष्टांत एकट्याला झाला, पण देव आपल्याला तिकडे बोलावतोय हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. आणि पुढे काय झालं? मासेदोनियातल्या फिलिप्पै गावात लुदिया नावाची बाई आणि तिचं घराणं विश्वासात आलं, आणि त्याच गावात पौल-सीलाला फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. त्यामुळे सगळं सुरळीत झालं तरच ती देवाची इच्छा, हे मला कधीच पटलं नाही.

मनाच्या ओढीबद्दल येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याचा अनुभव फार मोलाचा आहे. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो कधी सरदारकीच्या पराक्रमाची स्वप्नं रंगवी, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पण पहिली सरली की मन कोरडं पडे, दुसरीनंतर आनंद टिकून राही. तुम्हीही तेवढंच बघा: सेवेचा विचार करून उठल्यावर, तासाभराने, दुसऱ्या दिवशी मन कसं असतं? त्याचा आणखी एक नियम मी काटेकोरपणे पाळतो: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. साहेबाशी खटका उडाला त्या संध्याकाळी राजीनामा लिहू नका, मग प्रार्थना कितीही कळकळीची झालेली असो.

जी सेवा करावीशी वाटते, ती सुट्टीच्या दिवशी आत्तापासूनच करायला लागा. कंटाळवाणा भागसुद्धा. आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोन-तीन जणांपुढे हे सगळं मांडा. त्यात एक तरी तोंडावर 'नाही' म्हणणारा हवा. घरच्यांशी अजून बोलला नसाल तर पाळकांकडे जाण्याआधी त्यांच्याशी बोला, कारण पगार थांबला की झळ त्यांनाही बसणार आहे.