कौतुक करणारे एवढे सगळे, मग स्टेजवर जायची भीती का वाटते?

"मुलीला डान्समध्येच करिअर करायचंय, आमचा समाज छोटा, सगळे सगळ्यांना ओळखतात, उद्या नाही जमलं तर तोंड कसं दाखवायचं?" हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील समुपदेशक म्हणून मला नेहमी भेटतात, आणि बहुतेकांनी गृहीतच धरलेलं असतं की समाज नावं ठेवणार. मी जी केस सांगतेय तिच्यात मात्र समाज पूर्ण पाठीशी होता आणि मुलगी त्या पाठिंब्याखालीच दबली होती. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातली. पूर्वी यांचा तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे, आणि आडनावं गावांवरून, पेणकर, नवगावकर, केहिमकर. 1948 नंतर हळूहळू बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, आता भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजारांच्या घरात, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. एवढ्याशा समाजात एखादी मुलगी कथक विशारद झाली, तर ती एकट्या आईबापाची राहतच नाही.

आणि खरंच लोकांनी खूप केलं होतं. घरात जागा नाही म्हणून सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा हॉल रियाजाला मिळाला, एका आँटीने ड्रेस शिवून दिले, क्लासची फी दोन वर्षं एका काकांनी भरली, इस्रायलच्या नातेवाईकांनी पहिल्या मोठ्या कार्यक्रमासाठी तबला-हार्मोनियमवाल्यांचं मानधन पाठवलं. मग कुणाच्या घरी मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी असो की लग्नाआधीची मेहंदी, पोहे-खोबरं-फळांचं ताट समोर येईपर्यंत कुणीतरी म्हणणारच, "बेटा, एक छोटंसं करून दाखव ना." व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ जायचा, खाली मेसेज यायचे, आमची दुसरी लीला सॅमसन!

आता लीला सॅमसन म्हणजे भरतनाट्यम, ही कथकची, पण ते सोडा. त्यांचे वडील बेने इस्रायली, नौदलातले मोठे अधिकारी, त्या स्वतः लहानपणीच चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्यसंस्थेत शिकायला गेल्या, 1990 ला पद्मश्री मिळाली आणि 2005 मध्ये त्याच कलाक्षेत्राच्या संचालक झाल्या. लोक प्रेमानेच म्हणत होते, पण बावीस वर्षांच्या मुलीची तुलना एका अख्ख्या आयुष्याच्या कामाशी होत होती आणि ती मुलगी ते मनावर घेत होती.

माझ्याकडे आली तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री झोप नाही, पोटात कळा, हात गार, आणि लागोपाठ कार्यक्रम तब्येतीचं कारण देऊन रद्द केलेले. सुरुवात कुठून झाली तर समाजाच्याच एका कार्यक्रमात तिची तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा तुकडा, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आली नाही, एक मात्रा पुढे गेली, तबलजींनी सांभाळून घेतलं आणि समोर बसलेल्यांपैकी कुणालाही कळलं नाही, टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. पण तिच्या डोक्यात एकच, यांनी माझ्यावर एवढा खर्च केला आणि मी हे दिलं. बोलताना ती सतत "फेडायचंय" म्हणायची. जणू उधारीची वही होती आणि प्रत्येक चुकीला त्यात व्याज चढत होतं.

मी तिला एक काम दिलं. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांची नावं लिही, समोर त्यांनी तोंडाने प्रत्यक्ष काय मागितलं ते लिही, आणि त्यापुढे तुला काय वाटतं त्यांना हवंय ते. मधला रकाना जवळपास रिकामा राहिला. फी भरणाऱ्या काकांनी फक्त "शिकत राहा" म्हणलं होतं, ड्रेस शिवणाऱ्या आँटींनी तर काहीच नाही. तिसऱ्या रकान्यात मात्र मोठं नाव, टीव्ही, परदेश दौरे, समाजाची मान उंच, सगळं सगळं होतं. मग मी म्हणलं जा आणि काकांनाच विचार. तिला ते स्टेजपेक्षा अवघड वाटलं, पण गेली, आणि काका म्हणाले त्यांच्या बहिणीला नाचायचं होतं, घरच्यांनी नाही शिकू दिलं, म्हणून त्यांनी फी भरली, बाकी काही नाही. त्या दिवसानंतर आमचं बोलणं बदललं.

भीतीवर वेगळं काम करावं लागलंच, ते नुसतं समजून जात नाही. आधी फक्त गुरूंसमोर, मग दोन मैत्रिणींसमोर, मग अनोळखी छोट्या ग्रुपसमोर, असं चढवत नेलं, आणि तिहाई चुकली तरी थांबायचं नाही, पुढचा तुकडा घ्यायचा, याची मुद्दाम प्रॅक्टिस. श्वास सोडताना लांबवायचा, हेही रोज.

दुसरा भाग व्यवहाराचा, जो मला इतकाच महत्त्वाचा वाटतो. समाजातल्या घरगुती कार्यक्रमात वर्षातून किती वेळा फुकट नाचायचं हे तिने ठरवलं आणि आईनेच ते सगळ्यांना सांगितलं, कारण नाही म्हणायचं ओझं मुलीवर टाकलं की ती परत आजारी पडणार. बाहेरच्या कार्यक्रमांत अडचण शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत, आणि नाचाचे कार्यक्रम तर वीकेंडलाच असतात. तिचं घर हे पाळतं, तिलाही मनापासून पाळायचंय, मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, सव्वासातपर्यंत शब्बाथ संपतो, म्हणजे शनिवारी रात्री साडेआठचा स्लॉट जमू शकतो, रविवार तर मोकळाच. दार पूर्ण बंद नाही हे कागदावर दिसल्यावर तिचे खांदे सैल झालेले मला दिसले.

पैशाची काळजी करणाऱ्या पालकांना सांगते, ती काळजी रास्त आहे, तिला निगेटिव्ह विचार म्हणून उडवून लावू नका. सुरुवातीची वर्षं शिकवण्यांवरच निघतात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, महिन्याला 5000 रुपये, दोन वर्षं. महाराष्ट्रात 2016 पासून ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा आहे, त्यामुळे शिक्षणाच्या योजनांचीही चौकशी करा. आणि समाजाने मदत देऊ केली तर "काहीही करा" असं मोघम न ठेवता नेमकं मागा, आठवड्यात अमुक तास हॉल, एका कार्यक्रमाचा प्रवासखर्च, एवढंच. मागताना लाज वाटते खरी, पण नेमकं मागितलं की मनात हिशोब साठत नाही. शरीराची लक्षणं आठवडेच्या आठवडे टिकली तर मात्र समुपदेशनासोबत सायकिअॅट्रिस्टलाही दाखवा.

ती आता लहान मुलींची बॅच घेते, त्याच हॉलमध्ये, ठरलेलं भाडं देऊन, कमिटी नको म्हणत होती तरी. स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय. पोटात अजूनही गोळा येतो म्हणते, पण कार्यक्रम रद्द करत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी जमणार नाही हे आयोजकांना पहिल्याच फोनवर सांगून टाकते.