हॅवलॉकला स्कूटर घ्यायची का?

अंदमानला बायकोसोबत फिरताना हॅवलॉक बेटावर स्कूटर भाड्याने घ्यायची का, असं विचारलंस म्हणून स्पष्टच सांगतो. पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे आताच्या श्री विजयपुरममध्ये, स्कूटरच्या भानगडीत पडू नकोस, सेल्युलर जेल वगैरे रिक्षाने होतं. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, मात्र जरूर विचार कर. जेटीपासून राधानगर बीच साधारण 12 किलोमीटर, आणि रिक्षा थांबवून ठेवली की भाडं वाढतंच. नील छोटं बेट, तिथे सायकलही पुरे.

पण खरा प्रश्न असा, की बायकोला मागे बसवून तू शेवटची गाडी कधी चालवलीस? रोज विरार लोकलला लटकणाऱ्याने हात बसवायला अंदमान गाठू नये. निघण्याआधी एखाद्या रविवारी भल्या सकाळी मित्राची अ‍ॅक्टिव्हा घे आणि आरे कॉलनीत डबलसीट फिरून बघ. नाही जमलं तर तिथे ड्रायव्हरसकट गाडी कर, लाज कसली त्यात?

स्कूटर घेताना मालकासमोरच मोबाईलवर व्हिडिओ काढ: मडगार्ड, आरशांच्या कडा, सायलेन्सरवरचे ओरखडे, पेट्रोलचा काटा. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची तीच खूण. ओरिजिनल आधार ठेवून घेतो म्हणाला तर झेरॉक्स पुढे कर, नाहीच ऐकलं तर पुढचं दुकान. हेल्मेट दोन माग, एकावर भागवतात.

आणि हो, घड्याळ आपलंच असलं तरी डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. राधानगरचा सूर्यास्त बघून निघालास की रस्ता काळाकुट्ट. तेव्हा हेडलाइट दुकानासमोरच लावून बघ.